चाळीसातले पंधरा डाव

मोहाचीवाडी, ता. म्हसळा
२७ जानेवारी २०२५

श्री. येसाजी तोडणकर यांस,
सप्रेम जय भीम.

आपली ओळख नाही. मी सम्यकची आई, तुळसा कृष्णाजी येलवे. इथल्या अंगणवाडीत सेविका आहे. तुमचं कार्ड परवा पोस्टमननं माझ्या हातात दिलं. नाव सम्यकचं होतं, पण उघडं कार्ड, म्हणून वाचलं. तुम्ही लिहिलंय, 'तुझं "सोडला" मिळालं. पाच-पाच झाले, पोरा. आता खरी गंमत. नवा डाव, पहिली चाल तुझी, फासे सहा-एक.'

सम्यक आता नाही. १७ तारखेला, शुक्रवारी सकाळी, दिघीहून आगरदांड्याला गाड्या घेऊन जाणारी जी बोट आहे, तिच्यातून तो खाडीत पडला. मोटारसायकल बोटीवरच राहिली. तिसऱ्या दिवशी सापडला. पाय घसरला असं पोलिसांनी लिहून घेतलंय. सव्वीस वर्षांचा होता.

तो कार्डं लिहायचा हे मला माहीत होतं. कोणाला रे, असं विचारलं की म्हणायचा, 'कप्तानाला.' मला वाटायचं, कोणी कॉलेजातला मित्र असेल. कार्डावरचं नाव वाचल्यावर कळलं की तुम्ही वयानं मोठे आहात.

त्याच्या खोलीत एक लाकडी पट तसाच मांडलेला आहे. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आहेत. मी झाडताना हात लावत नाही. तो तुमचा असेल तर कळवा, कोणाबरोबर तरी दिवेआगरला पाठवून देईन.

आपली,
तुळसा येलवे


दिवेआगर
३१ जानेवारी २०२५

तुळसाबाई,
नमस्कार.

तुमचं पत्र परवा आलं. परवापासून मी ओटीवरच बसून आहे. सून दोनदा विचारून गेली, काय झालं. तिला पत्र दाखवलं.

मी कप्तान नव्हतो. एकतीस वर्षं जहाजावर इंजिनाला तेल घालायचं काम केलं. हा खेळ मला एका ग्रीक खानसाम्यानं शिकवला. बॅकगॅमन म्हणतात. घरी परतल्यावर इथं खेळायला कोणीच नव्हतं. मग वीस सालचं वादळ झालं. वाडीतल्या दीडशे पोफळी आडव्या झाल्या, एक माड आमच्या पडवीवरच पडला. पंचनामे करायला तलाठी आले, त्यांच्याबरोबर याद्या लिहायला दोन मुलं होती, त्यातला एक सम्यक. सगळे छप्पर बघत होते आणि हा पडवीतल्या पटाकडे बघत होता. म्हणाला, 'काका, हे सारीपाटासारखं काय आहे?' मी म्हटलं, बस, दाखवतो. यादी तशीच राहिली.

दीड महिना वीज नव्हती, फोन नव्हता. म्हणून आम्ही कार्डांवर डाव सुरू केला. पुढे फोन सुरू झाले, पण मला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि दोघांनाही कार्डाची सवय लागली होती. त्याचे फासे मी टाकून लिहायचे, माझे त्यानं. चार वर्षांत एकदाही मनात आलं नाही की पोरगा खोटं लिहील. ज्याचे आधी सात गुण होतील त्याची मॅच. पोस्टाच्या चालीनं एकेका डावाला सहा-सहा महिने लागले.

पट वादळात पडलेल्या फणसाचा आहे, मी त्याच्यासाठीच केला होता. तुमच्याकडेच राहू द्या. मला गुडघ्यानं एसटीत चढवत नाही, पण तुम्ही म्हणालात तर मुलाला गाडी काढायला लावून येतो.

येसाजी तोडणकर


मोहाचीवाडी
१२ फेब्रुवारी २०२५

तोडणकर काका,
सप्रेम जय भीम.

आत्ता येऊ नका. घरी कोणी आलं की हे उठून शेतावर जातात, आणि आलेल्या माणसाशी मलाच बोलत बसावं लागतं.

तुम्हांला एक विचारायचं आहे. दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

वाडीत लोक कुजबुजतात. बोटीवरचा एक माणूस म्हणतो, कठड्यापाशी एकटाच उभा होता, बोट खाडीच्या मध्यावर होती, पाणी शांत होतं, पाय घसरायचं काही कारण नव्हतं. हे बोलणं माझ्या कानावर येईल अशा बेतानंच बोलतात. मी त्यांना सांगते, अरे, ज्याला सरकारी नोकरी लागली, तो मुलगा असं कशाला करेल? तुम्हांला त्यानं लिहिलंच असेल. लिपिकाच्या परीक्षेत तो पास झाला, फक्त नेमणुकीचं पत्र यायचं बाकी होतं. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, आमच्या विहारात सगळ्यांसमोर त्याचा सत्कार झाला. आमच्या वाडीतला पहिला सरकारी कर्मचारी. त्या शुक्रवारीही तो नेमणुकीची चौकशी करायलाच अलिबागला चालला होता. मीच पाठवलं होतं.

पण तुमच्या कार्डावरचा तो शब्द डोक्यातून जात नाही. 'सोडला.' काय सोडला त्यानं? तुम्ही त्याला काय लिहिलं होतं म्हणून त्यानं ते उत्तर दिलं? मी त्याची वही काढून बघितली. त्यात नुसते आकडे आणि बाण आहेत, मला काही कळत नाही. मला समजेल असं लिहा. मी सातवीपर्यंत शिकले, मग बाहेरून दहावी दिली. सांगितलं तर समजतं.

तुळसा येलवे


दिवेआगर
१९ फेब्रुवारी २०२५

तुळसाबाई,
नमस्कार.

सांगतो.

पटावर प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. फासे पडतील तशा त्या पुढे न्यायच्या, आपल्या घरात आणायच्या आणि मग पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या सगळ्या आधी बाहेर, त्याचा डाव. एका डावाचा एक गुण.

याशिवाय एक मोठा फासा असतो. त्याच्यावर दोन, चार, आठ असे आकडे. तो टाकायचा नसतो, नुसता पुढे ठेवायचा असतो. माझं बरं चाललंय असं मला वाटलं, तर माझे फासे पडायच्या आधी मी म्हणू शकतो, हा डाव दुप्पट. म्हणजे दोन गुणांचा. समोरच्यानं मग दोनातलं एक करायचं. 'घेतला' म्हणायचं आणि दोन गुणांसाठी लढायचं. नाहीतर 'सोडला' म्हणायचं, एक गुण देऊन तो डाव तिथंच मिटवायचा आणि पुढच्या डावाला बसायचं.

त्याचे पाच गुण होते, माझे चार. मी दुप्पट केलं. तो म्हणाला, सोडला. माझे पाच झाले. एवढंच.

आणि सोडलं ते अगदी बरोबर केलं. मी त्या डावात फार पुढे होतो. घेतला असता तर दोन गुण गमावून बसला असता. कच्चा खेळाडू हट्टानं घेतो आणि बुडतो. ज्याला पुढचा डाव खेळायचा असतो, तोच शहाणपणानं हा डाव सोडतो. तुमच्या मनात जे आलंय ते काढून टाका. ज्या मुलानं १२ तारखेला बसून असा विचार केला, तो पाच दिवसांनी काही वेडंवाकडं करणार नाही. पाय घसरला. खाडीत अधूनमधून लाट येते, बोट एकदम हलते. मी आयुष्य पाण्यावर काढलंय, मला विचारा.

येसाजी तोडणकर


मोहाचीवाडी
१० मार्च २०२५

तोडणकर काका,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येणार नाही. घडीवर चिरलंय. 'ज्याला पुढचा डाव खेळायचा असतो, तोच शहाणपणानं हा डाव सोडतो.' हे वाक्य मला पाठ झालंय. बोटीवरच्या त्या माणसाची बहीण परवा रेशनच्या रांगेत भेटली. तिला मी हे सांगितलं. तिला काही समजलं नाही, पण मी सांगितलं.

ह्यांनाही वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि उठून गोठ्यात गेले. गोठ्यात आता गुरं नाहीत.

खूप दिवसांनी त्या रात्री मला झोप लागली.

आता एक हौस म्हणा, मला तो खेळ शिकायचा आहे. सम्यक या पटाशी तासन्‌तास बसायचा आणि मी त्याला म्हणायचे, उठ, ते ठेव, अभ्यास कर. तो काय बघत होता ते मला बघायचं आहे. सोंगट्या कशा चालवायच्या ते लिहा. आणि दुप्पट केल्यावर घ्यायचं की सोडायचं, ते कशावरून ठरवायचं? जिंकायची आशा किती असली म्हणजे घ्यावं? त्याचा काही नेम असेलच.

तुळसा


दिवेआगर
१७ मार्च २०२५

तुळसाबाई,
नमस्कार.

हा खेळ किचकट आहे. आता या दिवसांत डोक्याला हा त्रास कशाला करून घेता? तरी तुम्ही विचारलंत, म्हणून चालींचे नियम वेगळ्या कागदावर लिहून पाठवतोय, चित्रं काढून.

घ्यायच्या-सोडायच्या बाबतीत साधारण नेम असा, की चारातून एक डाव जिंकता येणार असेल तर घ्यावा. का, तर बघा. चार वेळा सोडला तर चार गुण गेले. चारही वेळा घेतला, तीनदा हरला, एकदा जिंकला, तर सहा गेले आणि दोन आले. म्हणजे चारच गेले. दोन्ही सारखंच. चारातून एकाहून जास्त जिंकत असाल तर घेतलेलाच बरा. मॅचमध्ये कोणाला किती गुण हवेत यावर ते थोडं सरकतं. पाच-चारला जरा जास्त आशा लागते, पण फार नाही.

उन्हाळा सुरू झालाय. तब्येत सांभाळा.

येसाजी


मोहाचीवाडी
४ मे २०२५

तोडणकर काका,

मी तुमचे नियम वाचून शिकले. सम्यकच्या वहीवरून आणखी शिकले. प्रत्येक पानावर त्यानं पट काढलाय आणि बाजूला दोन आकडे लिहिलेत. आधी कळेना, मग कळलं. प्रत्येक सोंगटीला पटाबाहेर पडायला किती पावलं लागतील ती मोजायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. एक आकडा तुमचा, एक त्याचा. ज्याची पावलं कमी, तो पुढे. तुम्ही दुप्पट केलंत की तो आधी हे मोजायचा आणि मग खाली लिहायचा, घेतला किंवा सोडला. चार वर्षं त्यानं हे चुकवलं नाही.

शेवटच्या पानावर पट काढलाय, पण आकडे नाहीत. त्यानं मोजलंच नाही. नुसतं 'सोडला' लिहिलंय.

म्हणून मी मोजलं. पट अजून तसाच होता. तुमची शहाण्णव पावलं, त्याची अठ्ठ्याण्णव. मला वाटलं मी चुकले, म्हणून चारदा मोजलं. दोन पावलांचा फरक. तुम्ही लिहिलं होतं, मी फार पुढे होतो.

पहिले फासे तुमचे होते, म्हणजे तुम्ही थोडे पुढे, हे मला समजतं. पण किती, ते बघायचं ठरवलं. अंगणवाडी सुटली की रोज दुपारी त्या पटावर तोच डाव मांडायचे, तिथूनच, दोन्हीकडून मीच खेळायचे. तुमचे फासे टाकताना जितकं मन लावलं तितकंच त्याचे टाकताना. लबाडी केली नाही. करावीशी वाटली, दोन्ही बाजूंनी वाटली, पण केली नाही. डाव संपला की वाटीत एक चिंचोका टाकायचा. तुमची वाटी वेगळी, त्याची वेगळी. हे दारात उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, 'पुरं कर आता.' मी म्हटलं, का? तर निघून गेले.

चाळीस दिवस, चाळीस डाव. परवा वाट्या पालथ्या केल्या. तुमचे पंचवीस. सम्यकचे पंधरा.

चारातून एक, तुम्हीच लिहिलंत. चाळीसात दहा. पाच-चारला जरा जास्त म्हणालात, तर अकरा धरा, फार तर बारा. पंधरा आले. घेऊन जिंकला असता तर सात होऊन मॅचच त्याची होती. हरला असता तरी पाच-सहा झाले असते, संपलं नसतं काही. हे मला दोन महिन्यांत कळतं, तर त्याला कळलं नसेल?

तो डाव सोडायचा नव्हता. तुम्हांला हे माहीत होतं. मग मला का असं लिहिलंत? आणि आणखी काय माहीत आहे तुम्हांला? मला आता खरं पाहिजे.

तुळसा येलवे


दिवेआगर
१० मे २०२५

तुळसाबाई,

जय भीम. तुमच्यासमोर उभं राहायला तोंड नाही, म्हणून पत्रच लिहितोय.

तुमचे चाळीस डाव बरोबर आहेत. मी उगीच घाईनं दुप्पट केलं होतं, बघावं काय म्हणतो म्हणून. तो घेणार याची मला खात्री होती. त्याच्यासारखा खेळाडू तो डाव झोपेतही घेईल.

त्याची कार्डं कशी असायची ते सांगतो. चाल दोन ओळींत, आणि मग चारी कडांनी बारीक अक्षर. आज आईनं कोलंबी केली, आज बाबांचं आणि माझं बैलगाडीच्या चाकावरून भांडण झालं, कप्तान, तुमचा गुडघा कसा आहे. पत्त्याच्या बाजूलाही लिहायचा, पोस्टमन रागवायचा. त्या शेवटच्या कार्डावर एक शब्द होता. बाकी सगळं कार्ड कोरं. ते मला १४ तारखेला मिळालं. मी काय केलं सांगू? मी सुनेला म्हटलं, बघ, पोरगा घाबरला. आणि खुशीत नवा डाव लिहून टाकला. तीन दिवस होते माझ्या हातात. म्हसळ्याला यायला तासाभराची वाट. गुडघ्याचं कारण तुम्हांला दिलं, तेव्हा स्वतःला तेही द्यावं लागलं नाही, कारण जावं असं मनातच आलं नाही. माझे पाच झाले होते ना.

डावावरून माणसाच्या मनातलं कळतं असं मी म्हणत नाही. पण विचारायला तर हवं होतं.

आणि दुसरं, जे याहून मोठं आहे. त्याचं एक पत्र सोबत ठेवतोय. कोणाला सांगणार नाही असं वचन मी त्याला दिलं होतं. तो गेल्यावर ते वचन मी तुमच्याशी खोटं बोलून पाळलं, कारण वाटलं, एवढ्या एका गोष्टीवर ही बाई उभी आहे, ती काढून घेतली तर तिला सोसणार नाही. त्या पत्राला मी काय उत्तर दिलं तेही सांगतो. लिहिलं होतं, 'घाई करू नको. दिवाळी होऊन जाऊ दे, मग सांग.'

तुमचा अपराधी,
येसाजी

(सोबतचं पत्र)

१४ ऑक्टोबर २०२४

कप्तान,

यावेळी कार्ड नाही, पाकीट. कारण हे पोस्टमननं वाचायला नको.

मी पास झालो नाही. तीन गुण कमी पडले. निकाल म्हसळ्यात बघितला आणि सरळ आईच्या अंगणवाडीत गेलो, तिला आधी सांगायचं म्हणून. ती मुलांची वजनं घेत होती. मला बघून तिनं विचारलं, 'झालं?' मी म्हणालो, 'झालं.' म्हणजे निकाल बघून झाला, एवढंच म्हणायचं होतं मला. पुढचं वाक्य तोंडात होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि ते वाक्य आलंच नाही. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. हातातलं मूल तसंच काट्यावर ठेवून ती बाहेर पळाली, बायकांना सांगायला.

संध्याकाळी सांगू म्हटलं, तोवर पेढे आले होते. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर सत्काराचं ठरलं होतं. परवा सत्कार झाला. शाल दिली. लहान मुलांना माझ्या पाया पडायला लावलं, कप्तान. मी उभा होतो. एका मुलीनं विचारलं, दादा, मी पण होऊ शकते का? मी हो म्हणालो.

पुढच्या भरतीत नक्की होईन. तोवर नेमणूक लांबलीय असं म्हणत राहीन. तुम्ही लांब आहात म्हणून तुम्हांला सांगतोय. कोणाला सांगू नका.

माझी चाल मागच्या बाजूला लिहिलीय. तुमचे फासे तीन-एक. फार वाईट पडलेत, पण खरे आहेत.

सम्यक


मोहाचीवाडी
२ जून २०२५

तोडणकर काका,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. आधी तुमच्यावरचा राग लिहून टाकते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

तुम्ही लिहिलंत, मला सोसणार नाही. सम्यकच्या आधी माझी दोन मुलं गेली. एक अकरा दिवसांचं, एक दीड वर्षाचं. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, हिला सोसेल का. तिसऱ्याच महिन्यात मी लावणीला उभी होते. सोसत नाही म्हणजे काय, ते मला कळत नाही. तीन गुण कमी पडले, हे न सोसण्यासारखं आहे होय? मी दोन दिवस रडले असते. चार दिवस अबोला धरला असता. मग म्हटलं असतं, बस अभ्यासाला.

झाला राग.

आता माझं. तो अंगणवाडीच्या दारात आला तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यानं लिहिलंय तसंच झालं, फक्त एक त्यानं लिहिलं नाही. त्या संध्याकाळी तो दोनदा म्हणाला, 'आई, ऐक ना.' मी म्हटलं, 'थांब रे, पलीकडच्या घरी सांगून येते.' परत आले तोवर तो झोपला होता. झोपला नसेल. पुढे रोज जेवताना मी विचारायचे, पत्र आलं का. आणि शेवटी मीच म्हटलं, घरी बसून पत्र येत नसतं, अलिबागला जा, साहेबांना भेट. डबा बांधून दिला. कसली चौकशी करणार होता तो अलिबागला?

त्याचा पाय घसरला की काय झालं, ते मला आता कळणार नाही. बोटीवरच्या माणसाला मी पुन्हा विचारायला जाणार नाही.

पण एक करायचं होतं. २५ तारखेला, रविवारी, विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, दोन मिनिटं बसा. म्हटलं, माझा सम्यक पास झाला नव्हता. तीन गुण कमी पडले होते. त्यानं कोणाला फसवलं नाही, मी त्याचं वाक्य पुरं ऐकलं नाही. तुम्ही दिलेली शाल घरी आहे, ती मी परत आणली आहे. आणि शाल पुढे ठेवली.

बायका खाली बघत होत्या. किशोरी म्हणून एक मुलगी आहे, तिनं मागच्या महिन्यात तीच परीक्षा दिली, ती एकटी माझ्याकडे बघत होती. आणि मग मागून ह्यांचा आवाज आला. हे कधी विहारात बोलत नाहीत. म्हणाले, 'मला ठाव होतं.'

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले.

'सत्काराच्या आदल्या दिशी त्यानं मला सांगितलं,' हे म्हणाले. 'खळ्यात. म्हनाला, बाबा, आजच आईला सांगतो आनि उद्याचं बंद करायला लावतो. मीच म्हनालो, आता नको. तुझ्या आयशीला न्हाय सोसायचं. मीच म्हनालो.' आणि खाली बसले. दोघांनी धरून त्यांना घरी आणलं.

तर काका, तुम्हांला माहीत होतं. ह्यांना माहीत होतं. तो तुम्हां दोघांकडे सांगायला आला, आणि दोघांनीही त्याला थांब म्हटलं, माझ्यासाठी. सगळ्यांनी मिळून मला सांभाळलंत. मला सांभाळता सांभाळता तो एकटा पडला.

आठ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, ते जेवायचे, उठायचे. गोठ्यात जाऊन का बसतात ते आता कळलं होतं. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही त्याच्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसायचो.

काल दुपारी जेवणं झाल्यावर मीच विचारलं. म्हटलं, 'खळ्यात सांगितलं तेव्हा रडला का तो?'

'न्हाय,' म्हणाले. पुढे म्हणाले, 'सांगून झाल्यावर हलका झाल्यागत वाटला. म्हनाला, बाबा, सकाळपासनं काय खाल्लं न्हाय.'

'मग?'

'मग काय. तू घरात नव्हतीस. विहारात गेल्तीस, उद्याच्या तयारीला. मीच दिली भाकरी.'

'नुसती?'

'सुकट होती. ती गरम केली.'

'खाल्ली त्यानं?'

'दोन भाकऱ्या खाल्ल्या.'

मी पुन्हा विचारलं, 'दोन?'

'दोन,' म्हणाले.

तुळसा